गुरुवारचे डोनट

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो. भोसरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कंपन्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. पूर्वी म्हणे विजेचा तुटवडा होता, म्हणून एकेका भागाला एकेक वार वाटून दिला होता; पुढे वीज आली, पण वार तोच राहिला. त्यामुळे इथं लोक पिक्चरला गुरुवारी जातात, पाहुण्यांकडे गुरुवारी जातात आणि घरातली भांडणंही गुरुवारीच उरकतात. यात एकच मोठी पंचाईत आहे. सुट्टी गुरुवारची आणि निम्म्या घरांत गुरुवारी मटण-मच्छी चालत नाही. कंपनीत आमच्या लाइनवरच्या बायका यावरून दर बुधवारी हळहळायच्या.

मी ही पंचाईत माझ्यापुरती मिटवून टाकली होती. एकटी राहायला लागल्यावर मी सरळ वारच बदलला. गुरुवारी उशिरा उठायचं, डोक्यावरून न्हायचं, दोन अंड्यांचं ऑम्लेट करायचं आणि मनात आलं तर दुपारी चिकन. लहानपणी माहेरी रविवारी जे जे व्हायचं ते सगळं मी उचलून गुरुवारात आणून ठेवलं. माझ्या कॅलेंडरात गुरुवार नावाचा वारच उरला नव्हता. कुणी टोकलं असतं तर मी म्हटलं असतं, देवालाही शिफ्ट कळते की. तेव्हा मला माझ्या या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

चाकणला एका कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर कामाला आहे. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा पसरलेला असतो तो आम्ही बनवतो. समोर उभा बोर्ड, बोर्डावर खुंट्या. खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर दाबायचा आणि बोर्ड पुढे ढकलायचा. आठ तास उभं राहून. आकुर्डीला स्टेशनच्या अलीकडे एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं आहे, कंपनीची बस तिथूनच पकडते.

माझी लेक तेव्हा बारा वर्षांची होती आणि ती माझ्याजवळ राहत नव्हती. ती भोसरीला, तिच्या पप्पांकडे आणि आजीकडे राहायची. माझं सासर म्हणजे भोसरीचं जुनं गावकरी घर. कधीकाळी शेती होती. ती कारखान्यांत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर चार मजली इमारत उभी राहिली. खालच्या तीन मजल्यांवर कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, वरच्या मजल्यावर आम्ही. खायला-प्यायला काही कमी नव्हतं. मला मात्र नोकरी करायची होती. नवरा म्हणायचा, "आपल्या खोल्यांत ऱ्हानाऱ्या बायका जात्यात कंपनीत. आपल्या घरातली न्हाई जात." मी गेले. त्यानं हात उचलला. पहिल्यांदा उचलला तेव्हा मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्यांदा जिन्याच्या तोंडाशी, दोन भाडेकरणी पाण्याच्या बादल्या घेऊन उभ्या असताना. त्या दुपारी मी एक बॅग भरली आणि घर सोडलं. पोरगी शाळेत होती.

या शेवटच्या वाक्यापाशी मी आजही अडकते. शाळा सुटेपर्यंत थांबले असते तर? पण थांबले असते तर बहुधा गेलेच नसते. मला वाटलं होतं, आठ दिवसांत खोली बघू आणि तिला घेऊन येऊ. नवव्या दिवशी गेले तर नवरा दारात आडवा उभा. खोली एक, शिफ्ट तीन, मी कामावर गेल्यावर पोरीकडे कोण बघणार, असा त्याचा प्रश्न. प्रश्न वाईट नव्हता, त्याचंच दुःख.  त्या आठ दिवसांची अडीच वर्षं झाली आणि प्रकरण कोर्टात जाऊन पडलं.

कोर्टानं भेटीसाठी रविवार दिला, सगळ्या जगाला देतात तसा. मी वकीलबाईंना म्हटलं, "मॅडम, रविवारी मी बोर्डापुढे उभी असते." त्या म्हणाल्या, सुट्टी काढा. महिन्यात दोनापेक्षा जास्त खाडे झाले की आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस गेटवरच कार्ड काढून घेतो, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. नोकरी गेली असती तर मुलगी कुठल्या तोंडानं मागणार होते मी? आणि नोकरी टिकवायची तर मुलीला भेटायचं कधी? शेवटी तिची शाळा सकाळची होती म्हणून दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच असं ठरलं. तिचे पप्पा मोटरसायकलवरून तिला आमच्या इमारतीच्या फाटकापाशी सोडायचे आणि पाचच्या ठोक्याला खाली दोन हॉर्न वाजायचे. त्याच्या वेळेत कधी एका मिनिटाची चूक झाली नाही, एवढं मात्र त्याचं मान्य करायला हवं.

पहिले दोन महिने ते तीन तास आम्ही टीव्हीकडे बघून काढले. ती खुर्चीच्या कडेवर बसायची, दप्तर मांडीवर. "पाणी देऊ?" "नको." "भूक लागली?" "जेवून आले." पोटच्या पोरीला असं पाहुणीसारखं विचारायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला कळतं. मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा, तिचा नाही, त्या दप्तराचा. खाली का ठेवत नाही ती ते?

मग एका गुरुवारी तिनं माझ्या मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "मम्मी, तुझ्याकडे ओव्हन आहे?"

"आहे की," मी म्हटलं. नव्हता. आमच्या लाइनवरच्या एका पर्मनंट बाईला कंपनीकडून दिवाळी भेट म्हणून छोटा ओव्हन मिळाला होता आणि तिच्या घरी तो कपाटावर खोक्यातच पडून होता. मी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून तो घेतला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून आणला. पिंपरीला बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून केकच्या तयार पिठाचं खोकं घेतलं, बिनअंड्याचं, आणि डोनटचा सहा खळग्यांचा लाल रबरी साचा. तळायची भानगड नाही. पिठात तेल आणि पाणी घालायचं, कालवायचं, साच्यात ओतायचं आणि भाजायचं. खोक्यावर इतकं सोपं लिहिलं होतं की वाचूनच मला पास झाल्यासारखं वाटलं.

ती आली, ओव्हन बघितला, दप्तर खाली ठेवलं. खोकं हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवलं, एका कोपऱ्यात बोट ठेवून काहीतरी पाहिलं आणि मग म्हणाली, "चल." मला वाटलं, कृती वाचतेय. ती हिरवा ठिपका शोधत होती, हे मला फार उशिरा कळलं.

पहिली खेप बघण्यासारखी झाली. मी खळगे काठोकाठ भरले. पीठ फुगलं, मधली भोकं बुजली, सहाच्या सहा एकमेकांना चिकटून बसले. तिनं ते ताटात पालथे घातले आणि बघत राहिली.

"मम्मी, भोकं कुठं गेली?"

"ती कंपनीत राहिली," मी म्हटलं.

ती हसली. अडीच वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात हसली. आम्ही ते जाडजूड गोळे चहात बुडवून खाल्ले आणि त्यांना डोनट म्हणायचं की मेदुवडे यावर वाद घातला. पाच वाजता हॉर्न वाजले तेव्हा तिनं खिडकीतून "आले, आले" म्हणून ओरडून सांगितलं आणि दोन मिनिटं जास्त थांबली. ती दोन मिनिटं मी कितीतरी दिवस पुरवून वापरली.

मग ते दर गुरुवारचंच झालं. कंपनीत आमच्या प्रत्येक बोर्डाशेजारी फोटोसकट सूचना लावलेल्या असतात, आधी काय, मग काय, काय करायचं नाही. मी तशाच सूचना लिहून ओट्याच्या वर चिकटवल्या. साचा अर्धाच भरणे. भोकाच्या खुंटीवर पीठ सांडल्यास पुसणे. भाजणे बारा मिनिटे. त्याच्याखाली लेकीनं तिच्या अक्षरात लिहिलं, "मम्मीने मध्ये मध्ये दार उघडून बघू नये." पीठ साच्यात नीट पडावं म्हणून मी दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून सोडायला लागले, वायरी ओढून ओढून माझा हात बसलेला, एक थेंब बाहेर जायचा नाही. ती म्हणायची, "आई शप्पथ, मशीन आहेस तू." वर वितळलेलं चॉकलेट आणि त्यावर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. ते काम तिचं. ती जीभ बाहेर काढून एकेक गोळी मांडायची आणि मी ओट्याला टेकून नुसती बघत बसायची.

याच दिवसांत वकीलबाईंनी सांगितलं की पुढच्या तारखेला जज मॅडम मुलीला एकटीला आत बोलावून विचारतील, कुणाकडे राहायचंय. बारा वर्षांची आहे, समजतं तिला, तिच्या म्हणण्याला वजन असतं. "तुम्ही तिला काही शिकवू नका," त्या म्हणाल्या. मी शिकवलं नाही. पण मी दुसरी गादी घेतली. आकुर्डीतल्या एका शाळेत जाऊन प्रवेशाचं विचारून आले. सुपरवायझरला गाठून म्हटलं की मला कायमची सकाळची शिफ्ट मिळेल का, आणि तो "बघू ताई" म्हणाला, म्हणजे नाही म्हणाला नाही. मनातल्या मनात मी तिचं टेबल खिडकीशी लावून टाकलं होतं. माझं सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं, ती आत जाऊन काय म्हणते यावर.

एकदा चॉकलेटमध्ये डोनट बुडवता बुडवता तिनं विचारलं, "मम्मी, तू का गेलीस?"

बारा मिनिटं मोजणारं घड्याळ टिकटिकत होतं. खरं उत्तर तोंडात होतं. पण तिला पाच वाजता त्याच्याच मोटरसायकलवर मागं बसायचं होतं, संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसून जेवायचं होतं. त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती ते उत्तर घेऊन कुठं ठेवणार होती?

"कंपनी लांब पडायची गं," मी म्हटलं. "तिकडून बस नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हं म्हणाली आणि पुढची गोळी उचलली. मला हायसं वाटलं. काही खोटं किती अलगद निभावून जातं, असंही वाटलं.

त्यानंतरच्या बुधवारी दुकानात बिनअंड्याचं खोकं संपलं होतं. दुकानदारानं दुसरं काढून दिलं. "यात दोन अंडी फोडून घाला ताई, बघा कसे फुगतात." आमच्या लाइनवरच्या बायकाही तेच सांगत होत्या, अंड्याशिवाय केक म्हणजे नुसता लादीपाव. मला ते पटलं. आमचे डोनट जरा कोरडे व्हायचेच. शिवाय त्या दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. बोर्डावर यायच्या आधी काही भाग बाजूला तयार करून ठेवले की लाइन झपाट्यानं चालते. तसं मी ती यायच्या आधीच पीठ कालवून, पातेल्यावर झाकण ठेवून तयार केलं. म्हणजे तिच्या तीन तासांतली वीस मिनिटं वाचणार होती.

ती आली, ओट्यावरचं खोकं उचललं, कोपऱ्यात बघितलं, खाली ठेवलं. आम्ही साचा भरला. त्या दिवशी डोनट असे काही फुगले की विचारू नका. गोल, हलके, बोटानं दाबलं की परत वर येणारे, मधली भोकं जिथल्या तिथं. तिनं उभ्या उभ्या एक खाल्ला, मग दुसरा, मग चॉकलेट लावायची वाट न बघता तिसरा.

"आज वेगळेच झालेत. किती मऊ!"

"मग? दोन अंडी घातलीत आज," मी ऐटीत सांगितलं.

तिचा हात थांबला. "मम्मी, आज गुरुवार आहे."

"हो मग. म्हणून तर सुट्टी आहे."

मी हे खरोखर असंच म्हटलं. बारा वर्षं त्या घरात मी गुरुवारी अंड्याचं टरफल दिसू दिलं नव्हतं. सासूबाईंचा गुरुवार, त्यांचा दत्ताचा फोटो, संध्याकाळचा दिवा, सगळं माझ्या हातून झालेलं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात त्यातलं काही म्हणजे काहीही आलं नाही. माझा रविवार चालू होता.

तिनं खोकं पुन्हा उचललं. "याच्यावर तर हिरवा ठिपका आहे."

"अंडं खोक्यात नसतं गं. ते आपण घालायचं असतं."

ती न्हाणीघरात गेली. दार लावलं. मग घशात बोटं घालून ओकारी काढायचा आवाज यायला लागला. मी दार वाजवत राहिले. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, ओठाच्या कडेला एक रंगीत गोळी चिकटलेली. आणि मी काय करावं? तिला जवळ घ्यावं की नाही? मी भडकले. माझं हे असंच आहे, भीती वाटली की तोंड सुटतं.

"कुणी भरवलंय हे तुझ्या डोक्यात? आजीनं? रविवारी तुमच्याकडे मटणाची पातेली उतरतात ती चालतात होय? दोन अंड्यांनी कुठला देव बाटतो गं?"

"आजीचं नाव घेऊ नकोस," ती म्हणाली. मग अगदी हळू, "आज नववा होता."

"कसला नववा?"

तिनं सांगितलं नाही. परीक्षेसाठी नाहीतर नव्या मोबाइलसाठी काहीतरी धरलं असेल, असं मला वाटलं. तिनं माझ्या फोनवरून पप्पांना लावला आणि लवकर न्यायला बोलावलं. त्या दिवशी हॉर्न साडेतीनला वाजले. उरलेले डोनट मी शुक्रवारी लाइनवर वाटले. बायकांनी मिटक्या मारत खाल्ले.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंचा फोन आला. अडीच वर्षांत त्यांनी मला दोनदाच फोन केला होता, त्यातला हा दुसरा.

"अगं, पोरीला काय खायला घातलंस? दोन दिस झालं नीट जेवंना."

मी सांगितलं. 

"अकरा गुरुवार धरलं व्हतं तिनं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या पोरीचं बगून. सकाळी उठून दत्ताला दिवा लावायची, मंगच शाळंला जायची. एक दिस चुकवला न्हाई."

"कशासाठी?"

"तू घरी यावीस म्हनून. आनि कशासाठी?"

 मी कॅन्टीनच्या पायरीवर बसले.

"म्या न्हाई सांगितलं तिला, देवाशपथ," त्या म्हणाल्या. "तिचं तिनंच धरलं. तवा तू येनार हायस का, तेवढं सांग. म्हंजे मी पोरीला काय ते सांगीन."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तो मला ऐकून घेता आला असता. माझ्या गालावर बोटं उमटली होती तेव्हा याच बाईनं रात्री मुकाट्यानं तेल आणून दिलं होतं आणि मुलाला एक शब्द बोलली नव्हती. मी काय सांगणार होते तिला? भोंगा झाला. लाइनवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. "बघते," म्हटलं आणि ठेवला. त्या दिवशी माझे तीन जुडगे तपासणीत परत आले. वायरी उलट्या घातल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. पण आली. मी तीन दुकानं पालथी घालून बिनअंड्याचं खोकं आणलं होतं. ते न फोडता ओट्यावर ठेवलं, म्हणजे तिनंच फोडावं. पातेलं पालथं करून दाखवलं. तिला म्हटलं, "चुकले मी. मला वार लक्षातच राहिला नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "मी पुन्हा पहिल्यापासून धरलेत."

मी मोजलं होतं. कोर्टाच्या तारखेच्या आत पाच गुरुवार बसत होते. तिनंही मोजलं होतं. "पाचच होतात," ती म्हणाली. "अकरा नाही होत." आणि मग पीठ कालवता कालवता, अगदी सहज, "मम्मी, तुमच्या कंपनीची बस आता भोसरीवरनं जाते. मी बघितली. काचेवर नाव होतं."

आता माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. कंपनी लांब पडायची, बस नव्हती. पोरीनं ते शब्दशः धरलं होतं. तिच्या हिशेबी आमच्या घरात भांडण नव्हतंच, फक्त बस नव्हती, आणि आता तीही आली होती. बाकीचं दत्तानं करायचं होतं.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्यानंतर चार गुरुवार मिळाले, त्यांतल्या एका तरी दिवशी सांगायला हवं होतं. दर बुधवारी मी ठरवायची आणि दर गुरुवारी ती गोळ्या मांडत बसायची, गप्प, मन लावून, आणि मी पुढचं पीठ साच्यात सोडायला घ्यायची. पप्पांनी तुझ्या मम्मीला मारलं, म्हणून मम्मी गेली. एवढंच वाक्य. ते बोलले असते तर ती कदाचित माझ्याकडे आली असती. पण ते बोलून तिला आणायची म्हणजे तिचा बाप तिच्याकडून काढून घ्यायचा, आणि तारखेच्या तोंडावर बोलले असते तर ते शिकवणंच झालं असतं. असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मी भित्री आहे. शाळा सुटेपर्यंत न थांबलेली बाई यापेक्षा जास्त काय करणार?

तारीख सोमवारी होती. मी खाडा केला. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर ती आजीशेजारी बसली होती, दोन वेण्या, नवा ड्रेस. पप्पा खांबाला टेकून उभे. मला बघून तिनं हात हलवला, खुशीत. शिपायानं तिला आत नेलं. पाऊण तास झाला. बाहेर आली ती हसतच आली आणि मग मला आत बोलावलं.

जज मॅडम साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"मुलगी गुणी आहे तुमची," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल फार प्रेमानं बोलते. डोनटची सगळी कृती सांगितली मला. पण तिला वडिलांकडेच राहायचंय."

मी मान हलवली. हे मला अपेक्षित होतंच असं दाखवायचा प्रयत्न केला.

"मी तिला विचारलं, का? ती म्हणाली, मम्मी काही भांडून गेलेली नाही, कंपनी लांब पडायची म्हणून गेली. आता बस सुरू झालीय. पण मीही मम्मीकडे राहायला गेले तर मग मम्मी घरी कशाला येईल? म्हणून मी घरीच थांबणार, मी तिथं असले की ती येईलच." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्यासमोर माझा अर्ज उघडा होता, त्यात दोन्ही वेळच्या मारहाणीबद्दल सगळं लिहिलेलं. "कंपनी लांब पडायची, हे तिला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला.  भेटीचा दिवस आणि वेळ आहे तीच राहील, एवढं शेवटी त्यांनी सांगितलं.

व्हरांड्यात ती माझी वाटच बघत होती. धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. अडीच वर्षांत तिनं आपण होऊन मला अशी मिठी मारली नव्हती. तिचा चेहरा उजळला होता.

"मी बरोबर सांगितलं मॅडमना," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आता येशील ना घरी?"

तिच्या डोक्यावरून मला खांबापाशी उभा असलेला तिचा बाप दिसत होता. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. तिला ते हो वाटलं. ती मला सोडून, आजीला सांगायला पळत गेली.